पुस्तकांच्या मोठ्या दुकानात हवं ते पुस्तक का मिळत नाही? दारातल्या टेबलाचं गणित काय असतं?

रविवारची संध्याकाळ. सिनेमाला अजून तासभर वेळ असतो, म्हणून मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानाकडे पाय वळतात. एसी आहे, मंद गाणी सुरू आहेत, कोपऱ्यात कॉफीचं काउंटर आहे. दारातच एक मोठं टेबल. त्यावर श्रीमंत कसं व्हायचं, पहाटे पाचला कसं उठायचं, समोरच्याचं मन कसं जिंकायचं असल्या पुस्तकांचे मनोरे रचलेले.

तुम्हाला मात्र हवं असतं दुसरंच. चार वर्षांपूर्वी आलेलं, एका मित्रानं सुचवलेलं पुस्तक. शेल्फवर शोधता, सापडत नाही. मग काउंटरवरच्या मुलाला विचारता. तो आधी स्पेलिंग विचारतो, मग कॉम्प्युटरवर टाइप करतो आणि म्हणतो, “सर, सिस्टीममध्ये एक कॉपी दाखवतेय, पण कुठे ठेवलीय ते बघावं लागेल.” दहा मिनिटं शोधाशोध होते. शेवटी सल्ला मिळतो, “ऑनलाइन मागवून घ्या ना सर.”

मराठी पुस्तकं कुठे आहेत असं विचारलं, तर बोट जातं मागच्या भिंतीकडे. खेळणी आणि पाण्याच्या बाटल्यांच्या पलीकडे.

एवढं मोठं दुकान, हजारो पुस्तकं, तरी हात हलवत परत यायचं. असं का होतं? यात काउंटरवरच्या पोराचा दोष फार थोडा आहे. खरी गोष्ट त्या दारातल्या टेबलात दडलेली आहे.

दारातलं टेबल म्हणजे भाड्याची जागा

दारातल्या टेबलावर पुस्तक दिसलं की आपल्याला वाटतं, दुकानदाराला ते आवडलं असेल किंवा ते जोरात खपत असेल. इंग्लंड-अमेरिकेतल्या साखळी दुकानांत मात्र अनेक वर्षं वेगळाच हिशोब चालत होता. पुस्तक टेबलावर ठेवायचं तर प्रकाशकानं दुकानाला पैसे द्यायचे. काचेच्या शोकेसमध्ये ठेवायचं, त्याचे वेगळे पैसे. ‘या महिन्याचं खास पुस्तक’ म्हणून पाटी लावायची, त्याचे वेगळे. अमेरिकेतल्या पुस्तक धंद्यात याला ‘को-ऑप’ म्हणतात, म्हणजे जाहिरातीचा खर्च दोघांनी वाटून घ्यायचा. नाव छान आहे, व्यवहार मात्र सरळ जागा भाड्यानं देण्याचा.

हे भाडं किती? २००७ साली ब्रिटिश वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तिथल्या सगळ्यात मोठ्या पुस्तक साखळीनं, म्हणजे वॉटरस्टोन्सनं, ख्रिसमसच्या हंगामासाठी प्रकाशकांना दरपत्रक पाठवलं होतं. त्यातल्या सगळ्यात महागड्या पॅकेजचा दर होता एका पुस्तकामागे ४५ हजार पौंड.

आता हा आकडा प्रकाशकाच्या बाजूनं बघा. समजा, एका प्रतीमागे त्याच्या हातात एक पौंड उरतो. मग हा खर्च नुसता भरून निघायला ४५ हजार प्रती जास्तीच्या खपायला हव्यात. हे कुणाला परवडणार? ज्याच्याकडे आधीच नावाजलेला लेखक, टीव्हीवरचा शेफ किंवा एखाद्या खेळाडूचं आत्मचरित्र आहे त्याला. छोट्या प्रकाशकाचं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी ते मागच्या शेल्फवर, नुसता कणा दाखवत उभं.

म्हणून एकाच साखळीच्या कुठल्याही शाखेत जा, टेबलं सारखीच दिसायची. शहर बदललं, माणसं बदलली, पण पुस्तकं तीच.

‘दोनवर एक फुकट’ची गंमत

ब्रिटनमध्ये १९०० सालापासून एक करार होता, ‘नेट बुक ॲग्रीमेंट’. प्रकाशकानं ठरवलेल्या किमतीपेक्षा कमी भावात पुस्तक विकायचं नाही, असा त्याचा अर्थ. १९९० च्या दशकाच्या मध्यात हा करार मोडला आणि सवलतींचा महापूर आला. साखळी दुकानांत ‘दोन घ्या, तिसरं फुकट’ अशी टेबलं लागली.

ऐकायला भारी. पण प्रत्यक्षात काय व्हायचं? माणूस एक पुस्तक घ्यायला यायचा. योजना बघून दुसरं उचलायचा आणि फुकटातलं तिसरं शोधण्यात अर्धा तास घालवायचा. तिसरं बहुतेक वेळा नको असलेलंच असायचं. आणि ज्याला खरोखर एकच पुस्तक हवं होतं त्याला आपण लुटले जातोय असं वाटायचं. कपड्यांच्या सेलमधून बाहेर पडताना हातात एक नकोसा शर्ट असतो ना, तसंच काहीसं.

न खपलेली पुस्तकं जातात कुठे?

पुस्तकांच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे, जी किराणा किंवा कपड्यांच्या धंद्यात इतक्या सर्रास नसते. दुकानात न खपलेलं पुस्तक प्रकाशकाला परत करता येतं, आणि त्याचे पैसे वळते होतात.

ही पद्धत अमेरिकेत १९३० च्या दशकात, महामंदीच्या काळात रुजली. लोकांकडे पैसे नव्हते, दुकानदार नवी पुस्तकं घ्यायला घाबरत होते. प्रकाशक म्हणाले, “घ्या तर खरं, नाही खपली तर परत करा.” मंदी गेली, पद्धत राहिली.

यामुळे छोट्या दुकानदाराला नवख्या लेखकाचं पुस्तक ठेवून बघायचं धाडस करता येतं, हा फायदा खराच. पण साखळी दुकानांनी याचा वापर वेगळ्या कामासाठी केला. टेबलावर मनोरा रचायचा तर ढीगभर प्रती लागतात. मग शेकडो शाखांसाठी हजारो प्रती उचलायच्या, सहा-आठ आठवडे ठेवायच्या, आणि उरलेल्या खोक्यात भरून परत पाठवायच्या. परत आलेल्यांपैकी कितीतरी पुस्तकांचा पुढे लगदा होतो.

अमेरिकेतल्या स्वस्त पेपरबॅकचं तर आणखी विचित्र. अख्खं पुस्तक परत पाठवण्याचा खर्चही परवडत नाही, म्हणून दुकानदार फक्त मुखपृष्ठ फाडून पाठवतो आणि बाकीचं पुस्तक नष्ट करतो. त्यामुळेच अशा अनेक अमेरिकन पेपरबॅकच्या आत एक इशारा छापलेला असतो. मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक विकत घेतलंत तर ते चोरीचं असू शकतं, असा त्याचा मतितार्थ.

आता यात तुमच्या त्या चार वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं काय झालं ते बघा. नवीन मालाची खोकी येत राहणार, त्यांना जागा हवी. जुनं, हळूहळू खपणारं पुस्तक वर्षाला दोन प्रती विकतं. कॉम्प्युटरच्या यादीत ते ‘मंद माल’ ठरतं आणि परतीच्या खोक्यात जातं. दुकान मोठं असूनही हवं ते न मिळण्यामागचं एक मोठं कारण हे आहे.

ठरवतं कोण? हेड ऑफिस

छोट्या दुकानात मालकच पुस्तकं मागवतो आणि तोच गल्ल्यावर बसतो. गिऱ्हाईक काय विचारतंय ते त्याच्या कानावर पडतं. साखळीत मागवणारा बसतो दूरच्या शहरातल्या ऑफिसात. कुठल्या शेल्फवर काय ठेवायचं याचा नकाशाही तिथूनच येतो. शाखेतल्या मुलाचं काम काय, तर खोकी उघडायची आणि नकाशाप्रमाणे माल लावायचा.

मग त्याला पुस्तकांची माहिती असण्याची गरज तरी काय उरते? पगार कमी, नोकरी तात्पुरती, आज पुस्तकांत तर उद्या मोबाइलच्या दुकानात. तुम्ही लेखकाचं नाव सांगता तेव्हा तो गोंधळतो, कारण त्याला गिऱ्हाइकाशी बोलायला ठेवलेलंच नसतं.

आणि ‘सिस्टीममध्ये दाखवतंय’ हा प्रकार? कॉम्प्युटरला फक्त किती आले आणि किती विकले एवढंच कळतं. कुणीतरी ते पुस्तक चाळून स्वयंपाकाच्या शेल्फमध्ये ठेवून गेलं, कुणी चोरलं, किंवा ते अजून मागच्या खोलीत खोक्यातच आहे, हे त्याला कळत नाही. ते माणसालाच बघावं लागतं, आणि माणसं कमी ठेवलेली असतात.

बॉर्डर्स : हुशार दुकान ते टाळं

हे मॉडेल कुठवर जाऊ शकतं याचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं बॉर्डर्स. १९७१ साली मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावात टॉम आणि लुई बॉर्डर्स या दोन भावांनी ते सुरू केलं. त्यांची खासियत होती मालाचा हिशोब ठेवणारी कॉम्प्युटर प्रणाली. कुठल्या गावात काय वाचलं जातं ते ओळखून त्या त्या दुकानात पुस्तकं जायची. म्हणजे तंत्रज्ञान होतं, पण ते वाचक ओळखण्यासाठी.

१९९२ साली केमार्ट या बड्या किरकोळ विक्री कंपनीनं बॉर्डर्स विकत घेतलं. पुढे ते वेगळं झालं, शाखा वाढत गेल्या, जागा मोठ्या झाल्या, सीडी आणि डीव्हीडीचे विभाग पसरले. २००१ मध्ये तर कंपनीनं आपली ऑनलाइन विक्री चक्क ॲमेझॉनकडे सोपवली. म्हणजे आपलं गिऱ्हाईक आपल्याच हातानं स्पर्धकाच्या दारात नेऊन सोडलं. हा करार मोडून स्वतःची वेबसाइट आणेपर्यंत २००८ उजाडलं.

फेब्रुवारी २०११ मध्ये बॉर्डर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला. जुलैमध्ये उरलेली ३९९ दुकानं बंद करायचं ठरलं. सुमारे १०,७०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

मग आला एक दुकानदार

त्याच २०११ साली इंग्लंडमध्ये वॉटरस्टोन्सचीही अवस्था नाजूक होती. अलेक्झांडर मामुत या रशियन उद्योगपतीनं ही साखळी ५ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतली आणि कारभार दिला जेम्स डॉन्ट यांच्याकडे.

हे डॉन्ट काही कॉर्पोरेट रिटेलमधले दादा नव्हते. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी १९९० साली लंडनच्या मॅरिलबोन हाय स्ट्रीटवर स्वतःचं दुकान टाकलं होतं. तिथे पुस्तकं देशानुसार लावलेली असतात. इटलीच्या शेल्फवर इटलीचं प्रवासवर्णन, तिथल्या कादंबऱ्या आणि तिथला इतिहास एकत्र. लोक नुसतं बघायला म्हणून यायचे आणि पिशवी भरून जायचे.

वॉटरस्टोन्समध्ये आल्यावर त्यांनी लगेच दोन निर्णय घेतले. पहिला, ‘दोनवर एक फुकट’ बंद. दुसरा निर्णय ऐकून तर लोकांनी डोक्याला हात लावला. टेबलाचं भाडं घेणंही बंद.

बातम्यांनुसार, या भाड्यातून कंपनीला वर्षाला सुमारे २ कोटी ७० लाख पौंड मिळत होते. बुडायला आलेली कंपनी हातातले हक्काचे पैसे सोडत होती.

डॉन्ट यांचा हिशोब असा होता. प्रकाशकाचे पैसे घेतले की त्याचं पुस्तक पुढे ठेवावं लागतं, मग ते वाचकाला हवं असो वा नसो. वाचकाला नको असलं की ते खपत नाही. खपलं नाही की परत पाठवावं लागतं. खोकी भरणारी, उघडणारी, परत बांधणारी माणसं आपलीच, पगार आपणच देणार. भाड्यातून आलेला पैसा असा मागच्या दारानं निघून जातो. त्यापेक्षा शाखेतल्या लोकांना ठरवू द्या की त्यांच्या गावात टेबलावर काय शोभेल.

परिणाम काय झाला? आधी पाचातलं साधारण एक पुस्तक परत जायचं. ते प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास आलं. एप्रिल २०१६ ला संपलेल्या वर्षात कंपनीनं जवळपास १ कोटी पौंड नफा दाखवला. अनेक वर्षांच्या तोट्यानंतर.

२०१८ मध्ये एलियट या गुंतवणूक कंपनीनं वॉटरस्टोन्स घेतलं. त्याच एलियटनं २०१९ मध्ये अमेरिकेतली बार्न्स अँड नोबल ही साखळी कर्जासकट सुमारे ६८ कोटी ३० लाख डॉलरना घेतली आणि तीही डॉन्ट यांच्याच हाती दिली. २०२० मध्ये कोरोनामुळे दुकानं बंद पडली, तेव्हा त्यांनी कर्मचाऱ्यांना सगळी पुस्तकं शेल्फवरून काढून, नीट विचार करून पुन्हा लावायला सांगितली. जी साखळी मरणार असं सगळे म्हणत होते, तिनं २०२४ या एका वर्षात ५० हून अधिक नवी दुकानं उघडली.

पण सगळं गोड गोड नाही

ही गोष्ट सोशल मीडियावर ‘पुस्तकांवर प्रेम केलं आणि कंपनी वाचली’ अशी फिरते. ती अर्धीच आहे.

वॉटरस्टोन्समध्ये खर्च कमी करताना माणसंही कमी झाली, त्यात अनुभवी मॅनेजर होते. २०१९ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी जगण्यापुरतं वेतन मिळावं म्हणून अर्ज केला, तेव्हा १३०० हून अधिक लेखकांनी त्यांना पाठिंबा दिला. कंपनीचं म्हणणं पडलं की इच्छा आहे, पण तेवढा पैसा नाही. म्हणजे ज्यांच्या निवडीवर दुकान चालतं, त्यांचाच खिसा रिकामा.

साउथवोल्ड, राय आणि हार्पेन्डन या छोट्या गावांत वॉटरस्टोन्सनं स्वतःचं नाव ठळक न लावता दुकानं उघडली होती. बघणाऱ्याला वाटावं, गावातलंच कुणाचं तरी स्वतंत्र दुकान आहे. २०१७ मध्ये यावरून बराच वाद झाला.

अमेरिकेतही २०२२ मध्ये मुलांसाठी लिहिणाऱ्या नव्या लेखकांनी तक्रार केली. परतीचा ढीग कमी करायचा म्हणून बार्न्स अँड नोबल नवख्यांची महागडी हार्डकव्हर पुस्तकं फारच कमी उचलतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीनं असं धोरण असल्याचं नाकारलं, पण खरेदी निवडून करतो हे मान्य केलं. थोडक्यात, दुकानदारानं काळजीपूर्वक निवडायचं ठरवलं की कुणीतरी बाहेर राहतंच. फरक एवढाच की निवडताना वाचक डोळ्यासमोर असतो की दरपत्रक.

आपल्याकडचं काय?

मुंबईकरांना चांगलं पुस्तकाचं दुकान म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका छोट्या स्टॉलवर पुस्तकं विकायला सुरुवात केली. पुढे फोर्टमध्ये ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ उभं राहिलं. कुणाला काय आवडेल हे ओळखून पुस्तक काढून देणं आणि छापील किमतीवर सवलत, ही त्याची ओळख. शानभागांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये मात्र हे दुकान बंद झालं.

साखळी दुकानांतलं आपल्याकडचं मोठं नाव क्रॉसवर्ड. १९९२ साली मुंबईत सुरू झालेली ही साखळी पुढे शॉपर्स स्टॉपकडे गेली आणि २०२१ मध्ये पुण्याच्या एका उद्योग समूहानं ती घेतली. चेन्नईत १९८७ साली सुरू झालेलं लँडमार्क टाटांच्या ट्रेंट कंपनीकडे गेलं, पण टिकलं नाही.

मॉलमधल्या पुस्तकाच्या दुकानात खेळणी आणि वह्या का वाढतात, याचं कारण सोपं आहे. जागेचं भाडं दर वर्षी वाढतं, पण पुस्तकावर किंमत छापलेली असते. दुकानदाराला ती वाढवता येत नाही. उलट ऑनलाइन तेच पुस्तक सवलतीत मिळतं. भाड्याची वजाबाकी खेळण्यांतून आणि पेनांतून भरून काढावी लागते.

मराठी पुस्तकांची अडचण यापेक्षा वेगळी. मराठीत साधारण हजार प्रतींची आवृत्ती ही नेहमीची गोष्ट. समजा, ५० शाखांच्या साखळीनं प्रत्येक शाखेसाठी पाच प्रती मागितल्या. झाल्या २५० प्रती, म्हणजे आवृत्तीचा पाव हिस्सा. त्यातल्या किती खपतील आणि किती महिन्यांनी धूळ खाऊन परत येतील, पैसे कधी मिळतील, याचा भरवसा नाही. छोट्या प्रकाशकाचा जीव त्यातच अडकतो. त्यापेक्षा त्याला गावोगावची ग्रंथप्रदर्शनं, साहित्य संमेलनातला गाळा किंवा पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातली ओळखीची दुकानं बरी वाटतात. तिथे माल डोळ्यासमोर असतो आणि हिशोब ओळखीच्या माणसाशी असतो.

म्हणून मॉलमधल्या त्या मागच्या भिंतीवर ठरावीक आठ-दहा मराठी पुस्तकंच दिसतात. लोक मराठी वाचत नाहीत म्हणून ती तेवढी आहेत, की तेवढीच आहेत म्हणून तिथे कुणी मराठी शोधत नाही, हे कोडं त्या भिंतीकडे बघून सुटत नाही.

मग वाचकानं करायचं काय?

पहिली गोष्ट, दारातलं टेबल ओलांडा. ते बघायला हरकत नाही, पण दुकानाची खरी परीक्षा आतल्या शेल्फवर होते. पाच-दहा वर्षांपूर्वीची पुस्तकं तिथे टिकून आहेत का, एकाच लेखकाची तीन-चार पुस्तकं आहेत का, हे बघा.

दुसरी, काउंटरवर एक प्रश्न विचारा. “इथे सध्या तुम्ही काय वाचताय?” उत्तर आलं तर त्या माणसाचं नाव लक्षात ठेवा, पुढच्या वेळी त्यालाच गाठा.

तिसरी, पुस्तक नसेल तर मागवून द्यायला सांगा. दोन-चार दिवस थांबावं लागेल. पण तुम्ही विचारलंत ही नोंद कुठेतरी होते. गुपचूप बाहेर पडून फोनवर ऑर्डर केली तर दुकानाला कधीच कळत नाही की या गावात त्या पुस्तकाला वाचक आहे.

आणि हो, फोनवर शोधताना सगळ्यात वर येणाऱ्या पुस्तकाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही वाचा. बऱ्याचदा तिथे ‘प्रायोजित’ असा शब्द असतो. म्हणजे तेच दारातलं टेबल, फक्त आता ते तुमच्या खिशात आलंय.